पाण्याखालचं जोतं

मायचं माहेर धरणात गेलं तेव्हा ती लग्न होऊन येडशीला आलेली होती. गाव उठताना तिनं पाहिलंच नाही, त्यामुळं तिच्या डोक्यात ते शेवटपर्यंत जसंच्या तसं उभं होतं. मी धाराशिवात कॉम्प्युटरवर जमिनीचे नकाशे करतो. एकदा लॅपटॉप घेऊन तिच्याकडं गेलो आणि मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "ये, तुझं माहेर दाखवतो."

धरणाआधीच्या मोजणीतले उंचीचे थोडेच ठिपके हाती लागले होते, तेही एक इथं तर एक तिथं. असल्या विखुरलेल्या ठिपक्यांतनं स्प्लाइनचं गणित एक अखंड, गुळगुळीत जमीन काढून देतं. ठोकलेल्या खुंट्यांवर लवचिक पत्रा वाकवून बसवावा, तसं. पत्रा प्रत्येक खुंटीला टेकतो आणि मधे, जिथं कुणी काही मोजलेलं नाही, तिथं होईल तेवढा कमी वाकतो. मला हे गणित लई आवडतं. त्यात कुठं ठेच लागत नाही.

मायनं पडद्याला नाक लावलं. "आमच्या घराचं जोतं कुठाय? पायऱ्या चढून दम लागायचा."

"तिथं मोजलेलं नाही. आजूबाजूच्या ठिपक्यांवरनं ठरवलंय, म्हणून सपाट दिसतंय."

"म्हंजी शेजारपाजाऱ्यांना इचारून माझं घर पाडलंस व्हय रं?"

दोघंही हसलो. मग ती हळूच म्हणाली, "पर मला ते जोतं बघायचंय. माझी माय तिथं बसून माझी वाट बघायची."

पाणी आटलं की मशीन घेऊन जाऊ, जोतं मोजू, असं मी कबूल केलं. जोतं किती उंच, उतार कुठल्या अंगाला, सगळं विचारून घेतलं. मग उन्हाळाभर फोनवर एकच सवाल, "आटलं का?" सगळा जिल्हा धरण भरायची वाट बघणारा, आणि ही एकटी बाई आटायची. त्या साली ते आटलं नाही. थंडीत माय गेली.

पुढच्याच उन्हाळ्यात तळ उघडा पडला. एकटाच गेलो. भेगाळलेल्या गाळात दगडी जोती रांगेनं उभी होती, सगळी सारख्या उंचीची, सगळ्यांना पायऱ्या. दिवसभर वेड्यासारखं मोजत सुटलो. घरी येऊन नकाशा केला. इतके जवळजवळ ठिपके मिळाल्यावर एकही जोतं सपाट झालं नाही, अख्खं गाव उभं राहिलं.

त्यातलं तिचं कोणतं, ते मला माहीत नाही. सांगणारं आता कुणी उरलं नाही. लई चुकलं माझं. आजूबाजूवरनं मधलं काढायचं, एवढंच आयुष्यभर करत आलो, आणि मायच्या घराला लागून कुणाचं घर होतं, हे तिला एकदाही विचारलं नाही.