द्या, नुकसान काही नाही

डोंबिवलीत माझं औषधांचं दुकान आहे, त्याला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत काउंटरमागे उभं राहून मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य म्हणजे 'द्या, नुकसान काही नाही.' सुनेला थकवा आहे, मुलगा जेवत नाही, सासऱ्यांचे पाय दुखतात, व्हिटॅमिन द्यावं का, असं विचारत माणसं येतात. खरं तर त्यांना उत्तर नको असतं, बाटली हवी असते. मी बाटली देतो आणि वर हे वाक्य देतो.

हाच प्रश्न माझ्या वडिलांनी मला एका माशाबद्दल विचारला.

आई गेल्यावर सहा-सात महिन्यांनी बाबांनी आमच्या कळव्याच्या घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली. ते शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. गोड्या पाण्यातले मासे सांभाळणं हा त्यांच्या मते पोरखेळ. खाऱ्या पाण्यात मीठ मोजून विरघळवायचं, क्षार तपासायचे, तापमान वहीत लिहायचं. थोडक्यात, त्यांनी हॉलमध्ये आपली प्रयोगशाळा पुन्हा उघडली. माझ्या बायकोचं शोकेस त्यापायी बेडरूममध्ये गेलं. मी वरवर कुरकुर केली, पण मनातून सुटल्यासारखं झालं होतं. तोवर बाबा दिवसभर खिडकीशी बसून असायचे आणि मी दुकानातून आलो की त्यांच्याकडे बघायचं टाळायचो. आता निदान बोलायला काहीतरी मिळालं.

टाकीत मोठा मासा एकच, हाताच्या पंजाएवढा, पिवळाधमक. बाबा त्याला 'पिवळा' म्हणायचे. दिवाळीनंतर त्याचा रंग उतरायला लागला. डोळ्यांच्या आजूबाजूला बारीक खड्डे दिसू लागले, भिंतीचा गिलावा झडावा तसे. एका संध्याकाळी मी चपला काढत होतो, तर बाबांनी हाताला धरून मला टाकीपाशी नेलं.

"बघ रे, हा जाणार का?"

मी म्हटलं, छे, काहीतरीच काय. माशांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण त्यांचा चेहरा असा होता की दुसरं काही बोलणं शक्य नव्हतं. पिवळा गेला तर बाबा पुन्हा खिडकीशी जाऊन बसतील, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मग चौकशा सुरू झाल्या. कोपरीला बाबा ज्याच्याकडून मासे घ्यायचे, त्या दुकानदाराने माशांच्या व्हिटॅमिनची एक छोटी निळी बाटली पुढे केली. समुद्री शेवाळाची पट्टी या थेंबांत पंधरा मिनिटं भिजवायची आणि मग टाकीत सोडायची. आपले सगळे कस्टमर देतात काका, टेन्शन नका घेऊ, असं तो म्हणाला. बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ बाळकुमला टॉवरमध्ये राहतात, त्यांच्याकडे अशा तीन टाक्या. त्यांनी बाटली बघूनच नाक मुरडलं. शेवाळ चांगलं घाला, पाणी स्वच्छ ठेवा, ही असली थेरं करू नका, पाणी नासेल, असं त्यांनी बजावलं. दोघांचेही मासे ठणठणीत होते. त्यामुळे कोणाचं खरं मानायचं, हे काही कळेना.

शेवटी बाबा निळी बाटली घेऊन माझ्याकडे आले. मी जेवत होतो.

"तू रोज हेच काम करतोस. देऊ का?"

मी डाव्या हाताने बाटली घेतली, उलटसुलट करून पाहिली. त्यावरची तारीख पुसट झालेली. माझ्यातला दुकानदार जागा झाला. म्हटलं, बाबा, ही राहू द्या. माझ्याकडे लहान मुलांसाठीचे व्हिटॅमिनचे थेंब आहेत, एकदम ताजा माल, उद्या आणतो. द्या, नुकसान काही नाही.

पहिले दोन दिवस पिवळ्याने त्या पट्टीवर झडप घातली. बाबांनी गिऱ्हाइकांच्या गर्दीत मला फोन करून ते सांगितलं. मग त्यांच्यातले मास्तर जागे झाले. खाऱ्या पाण्यातला मासा सतत पाणी पितो, मग औषध थेट पाण्यातच का घालू नये? ते रोज ड्रॉपरभर थेंब टाकीत सोडू लागले. मला विचारलं होतं. मी हिशेबाच्या वहीतून मान वर न करता हो म्हटलं होतं.

रविवारी सकाळी टाकीतलं पाणी ताकासारखं झालं होतं. पिवळा वर येऊन तोंड उघडत होता, मिटत होता. मी थेंबांची बाटली उचलली आणि लेबल वाचलं. साखर. मुलांनी तोंड वाकडं करू नये म्हणून घातलेली साखर. मधुमेहाच्या गिऱ्हाइकांना हेच लेबल मी बोट ठेवून दाखवतो. साखरेवर पाण्यातले जंतू माजतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात, हे समजायला माशांतलं काही कळावं लागत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला स्वतःचीच अशी चीड आली की ती बाटली मी तिथेच बेसिनमध्ये रिकामी केली.

दुपारपर्यंत आम्ही पाणी बदलत होतो. बाबा मीठ मोजून विरघळवायचे, मी बादल्या उचलायचो. एवढ्या घाईतही त्यांनी मीठ सांडू दिलं नाही. पिवळा तळाशी दगडाला टेकून पडला होता, कल्ले हलत होते तेवढेच. मी दोन-तीनदा म्हटलं, बाबा, माझं चुकलं. ते टाकीत हात घालून दगड सरळ करत होते. वळले नाहीत.

"इतकं मनाला लावून घेऊ नकोस. तू देतोस ते चांगल्यासाठीच देतोस. आईलाही चार महिने तूच देत होतास ना?"

बादली माझ्या हातात तशीच राहिली.

आईला थकवा यायचा. जिना चढताना ती मधेच थांबायची. मी दुकानातून बी कॉम्प्लेक्स आणली, मग लोहाच्या गोळ्या, मग एक टॉनिक. रक्त तपासायला नेलं ते चार महिन्यांनी, आणि जे निघालं त्याला टॉनिकने काही होण्यासारखं नव्हतं. आधी आणलं असतं तर फरक पडला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, असं ते म्हणाले. बाबा तेव्हा शेजारीच बसले होते. त्या दिवसानंतर आम्ही दोघांनी हा विषय कधी काढला नव्हता. त्या रविवारी त्यांना मला टोचायचं होतं की माझी समजूत घालायची होती, ते मला माहीत नाही. विचारायची हिंमत होत नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं, निदान पाय तरी धरता आले असते.

पिवळा वाचला. म्हणजे आहे. पट्टी कुरतडतो, फिरतो, पण खड्डे भरत नाहीत आणि वाढतही नाहीत. कोपरीचा दुकानदार अजून व्हिटॅमिन सुरू करा म्हणतो आणि बाळकुमचे गृहस्थ अजून नको म्हणतात. दुकानात मी दिवसभर बाटल्या देतो, पण हल्ली ते वाक्य टाळतो. रक्त तपासून घ्या म्हटलं की गिऱ्हाईक कपाळाला आठ्या घालतं आणि समोरच्या दुकानातून तीच बाटली घेऊन जातं.

बाबांनी निळी बाटली टाकून दिलेली नाही. मी घरी आलो की ते पट्टी बशीत ठेवून, झाकण उघडून तयार असतात. "देऊ का रे?" एवढंच विचारतात आणि माझ्याकडे बघत राहतात. मला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. आईही अशीच बघायची, गोळी तळहातावर घेऊन. घेऊ ना रे, असं विचारायची. आणि मी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणायचो, घे गं, नुकसान काही नाही.