बाईंचे थेंब

आमच्या बोर्लीतल्या हॉस्पिटलात सलाईन संपतं, पण किस्से संपत नाहीत! चहाला आम्ही सिस्टर मंडळी जमलो की एकीचं झालं की दुसरीचं सुरू. फक्त बाईंचा विषय निघाला की आधी हसू येतं आणि मग एकेक जणी कपात बघायला लागते. लाज वाटते हो, खरंच.

बाई म्हणजे गावच्या शाळेतल्या जुन्या बाई. निम्मी बोर्ली त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांना कॅन्सर झाला, केमो झाली आणि पोटात पेजसुद्धा ठरेना, म्हणून आमच्या वॉर्डात दाखल केलं. नुसत्या उलट्या. माणूस डोळ्यांदेखत सुकत चाललेलं. तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या आयुर्वेदाच्या डॉक्टरांनी भांगेच्या पानांचे थेंब लिहून दिले. लायसनवालं औषध, चिठ्ठीवर मिळतं.

*

बाईंचा मुलगा सुनील ते आणायला अलिबागला गेला. येताना आगरदांड्याला फेरीबोटीत बसला तो बाटली तीन पिशव्यांत गुंडाळून, पोटाशी धरून. समोर एक पोलीस येऊन उभा राहिला. त्याने तोंड उघडायच्या आत आमचा सुनील ओरडला, "साहेब, चिठ्ठी आहे माझ्याकडे!"

पोलीस म्हणाला, "असू दे की. जरा सरकता का? बसायचंय."

*

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"हे औषध पूर्ण कायदेशीर आहे," ते कुजबुजले. "कळलं ना?"

"कळलं," आम्हीही कुजबुजलो.

आमची ज्योती सिस्टर भोळी. ती म्हणाली, "सर, कायदेशीर आहे तर आपण हळू का बोलतोय?"

डॉक्टरांनी दार उघडलं. "जा, कामाला लागा!"

*

पण बाई ऐकेनात. "पोरांकडून दरवर्षी व्यसनमुक्तीची शपथ घेतली मी. आता मीच भांग घेऊ?"

"आई, कायद्याला चालतं गं," सुनील काकुळतीला आला.

"कायद्याला चालेल रे. बोर्लीला चालेल का?"

शेवटी खाटेभोवतीचा पडदा लावून घेईन म्हणाल्या. झालं! एरवी त्या पडद्याला कोणी हातसुद्धा लावत नसे. आता रोज सर्रकन ओढला की अख्ख्या वॉर्डाला कळायचं. एकदा तर पलीकडून एका आजोबांचा आवाज आला, "सिस्टर, उरलं तर माझ्या गुडघ्याला दोन थेंब!"

*

थेंब लागू पडले. बाईंनी मऊभात खाल्ला, तो पोटात ठरला. सुनील बाहेर जाऊन रडला.

आणि मग विलास आला. बाईंचा जुना विद्यार्थी, भरदुपारी तर्र! दाराची चौकट धरून उभा राहिला आणि आमच्यावर गरजला, "बाईंना नशा देता? लाज नाही वाटत? आमच्या बाई आहेत त्या!"

स्वतःच्या तोंडाचा वास पार खिडकीपर्यंत. तरी आमच्यातली एकही म्हणाली नाही की बाबा रे, हे औषध आहे. सगळ्यांनी माना खाली घातल्या, जणू चोरीच पकडली होती. बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून थेंब बंद. उलट्या पुन्हा सुरू. सुनील वाटी घेऊन बसायचा आणि बाई ओठ मिटून घ्यायच्या.

*

शेजारच्या खाटेवर दिघीची यमुनाबाई होती, मासळी विकणारी. ज्योतीने एकदा बाईंना पुन्हा विचारून बघावं म्हणून पडदा ओढला, तशी यमुनाबाई कडाडली.

"अगो, कशापाई ता परदा? सगल्यांना म्हाईत हाय बाई काय घेतान ते! उगाच आमचा वारा अडतो!"

बाईंनी वरच्या पंख्याकडे पाहिलं. मग हसल्या. कितीतरी दिवसांनी.

*

दुसऱ्या दिवशी विलास शहाळी घेऊन आला. तसाच झुलत.

बाई उशीला टेकून उठून बसल्या. "सिस्टर, थेंब आणा. आणि पडदा राहू दे."

सगळ्या वॉर्डासमोर त्यांनी तोंड उघडलं आणि थेंब घेतले. मग उशीखालून डॉक्टरांची चिठ्ठी काढून विलाससमोर धरली.

"ही माझी. तुझी दाखव."

विलासने शहाळी खाली ठेवली. दोन्ही हात मागे बांधले आणि मान खाली घातली.

"बाई, घरी राहिली."