शेषरावांच्या घरात कट्टा

संध्याकाळी सातनंतर शेषराव तायड्यांच्या घरी फोन केलात, तर शेषराव भेटत नसत आणि सुलोचनाबाईही भेटत नसत. पलीकडून मांजराच्या शेपटीवर कुणी खुर्ची ठेवल्यासारखी एक किंकाळी यायची, मग खरखर, मग पुन्हा किंकाळी. अनोळखी माणूस दचकून फोन ठेवायचा. आम्ही जयपुरातली ओळखीची मराठी मंडळी मात्र खूश व्हायचो. किंकाळी आली म्हणजे लाइन मोकळी आहे, आणि शेषरावांचा मोडेम दारात उभा राहून 'या, बसा' म्हणतो आहे.

शेषराव मूळचे अकोल्याचे. नोकरी रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार खात्यात, बदली जयपूरला, घर जवाहर नगरात. ही गोष्ट २००२ सालची. इंटरनेट होतं, पण ते सायबर कॅफेत तासावर मिळायचं. शेषरावांनी त्याऐवजी घरच्या कॉम्प्युटरवर एक फळा चालवला होता. आपल्या कॉम्प्युटरवरून त्यांच्या फोनचा नंबर लावायचा, किंकाळी ऐकायची, की त्यांचा फळा आपल्या पडद्यावर उघडायचा. त्यावर लोकांनी ठेवलेले निरोप वाचायचे, आपला एखादा लिहायचा आणि फोन ठेवून द्यायचा. मग पुढच्याचा नंबर. चारदीवारीत, म्हणजे तटाआतल्या जुन्या शहरात, ज्वारीचं पीठ कुठे मिळतं, नागपूरला कोण चाललंय, येताना कोण काय आणू शकेल, असले अत्यंत निकडीचे विषय तिथे चालत. लिहिणं सगळं इंग्रजी अक्षरांत. त्यामुळे एकदा बँकेतल्या अलकाताईंनी 'वडा केलाय' असं लिहिलं, तेव्हा अर्ध्या लोकांनी 'वाडा केलाय' असं वाचून त्यांचं अभिनंदन केलं होतं.

अडचण एकच होती. लाइन एक, म्हणून माणूसही एका वेळी एकच.

"एकेरी मार्ग आहे हा," शेषराव सांगायचे. "एक गाडी ब्लॉकमधून, म्हंजे दोन ठेसनांच्या मधून, बाहेर पडल्याबिगर दुसरीले सिग्नल देता येत नाही."

आणि आमच्यातली सगळ्यात लांब मालगाडी म्हणजे वसंतराव. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, पुण्याचे, मुलाकडे जयपुरात राहणारे. ते एकदा फळ्यावर आले की प्रत्येक निरोप दोनदा वाचत आणि त्यातलं शुद्धलेखन मनात सुधारत. इंग्रजी अक्षरांतलं मराठी शुद्धलेखन! तोवर बाकीचे नंबर लावून लावून कंटाळत. हळूहळू निम्मी मंडळी सायबर कॅफेकडे वळली. तिथे म्हणे दोघं एका वेळी समोरासमोर बोलल्यासारखं बोलू शकत.

शेषरावांना हे लागलं. एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी मला म्हणाले, "दुसरी लाइन घेतली नाही आन् दोघांले संगं बसवलं नाही, तर होळीपर्यंत फळ्यावर मी आन् वसंतराव एवढेच उरू. मंग फळा मीच बंद करीन."

दोन लाइनींसाठी नवं सॉफ्टवेअर लागणार होतं. कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर येणाऱ्या तबकड्यांतून शेषरावांनी दोन स्थळं काढली. पहिलं देखणं. रंगीत चौकटी, वर फळ्याचं नाव मोठ्ठ्या अक्षरांत, भोवती लुकलुकणाऱ्या चांदण्या. ते लिहिणारा अमेरिकेतला माणूस आता हा धंदा सोडून निघाला होता आणि मागेल त्याला फुकट किल्ली देत होता. त्याला मेलने आपलं आणि फळ्याचं नाव कळवायचं, मग तो त्या नावाला बांधलेली आकड्यांची किल्ली पाठवणार. किल्ली घातली की दुसरी लाइन उघडते. नाव बदललं की किल्ली मेली, पुन्हा एकच लाइन.

दुसरं सॉफ्टवेअर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बस्स. किल्ली नको, नाव काहीही द्या, लाइनी हव्या तेवढ्या. पण ते बसवायच्या सूचना एवढ्या, की रेल्वेचं नियमपुस्तकही त्यापुढे पोस्टकार्ड वाटावं.

शेषरावांनी अर्थातच देखणं निवडलं.

"माणसानं वस्तू घेताना आतून पाहावं," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"तुले पाह्यलं तवा आतून कुठं पाह्यलं होतं?"

"तरी फसले नाही तुमी. दरवेळी नशीब थोडंच असते?"

नाव वसंतरावांनी सुचवलं. सुचवलं म्हणजे जाहीर केलं. "कट्टा! दुसरं नावच शोभणार नाही. संध्याकाळी चार माणसं टेकतात, बोलतात, उठतात. कट्टा!"

सुलोचनाबाईंनी एवढंच विचारलं, "कट्टा म्हंजे तुरीचा का?" त्यांच्याकडे कट्टा म्हणजे पोतं. वसंतरावांनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर फक्त पुण्यात तयार होते.

अमेरिकेहून किल्ली आली. पडद्यावर चांदण्यांच्या मधोमध सात रंगांत KATTA झळकलं. आता राहिली फक्त दुसरी लाइन. शेषराव टेलिफोन एक्सचेंजमध्ये अर्ज घेऊन गेले. तिथे जे घडलं ते त्यांनीच आम्हाला मोठ्या समाधानानं सांगितलं, कारण त्यांच्या मते काम छान झालं होतं.

खिडकीमागच्या बाबूंनी विचारलं, "दूसरी लाइन किसलिए?"

"जी, घर में कट्टा चलाता हूँ."

बाबूंनी चष्मा काढला. "क्या चलाते हैं?"

"कट्टा. दो साल हो गये. पहले छोटा था. अब बड़ा वाला मँगाया है, अमेरिका से. उस में दो आदमी एक साथ आ सकते हैं."

"कौन आदमी?"

"सब अपने महाराष्ट्र के. रेलवे के, बैंक के, बीमे के. एक तो उधर बस्सी गाँव से आता है."

बाबूंनी अर्ज अगदी दोन बोटांनी उचलला आणि म्हणाले, "देखते हैं."

"आणि लोक काय अदबीचे!" शेषराव आम्हाला म्हणाले. "रांगेत मागं उभा होता तो माणूस चार पावलं मागं सरकला. जाताना रस्ताबी करून देला."

तो अदबशीर माणूस तिथून सरळ पोलीस चौकीत गेला असावा. कारण शनिवारी संध्याकाळी तायड्यांच्या दारात हवालदार दशरथजी उभे राहिले. मिशा मारवाडातल्या नागौरच्या, सोबत एक हडकुळा शिपाई. दार सुलोचनाबाईंनी उघडलं.

"घर में कट्टा है?"

"है ना," सुलोचनाबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, रेशनची तपासणी आहे. "दो हैं. एक तूर का, एक गेहूँ का."

दशरथजींनी आत डोकावून पाहिलं. "और तायडेजी वाला?"

"वो अंदर के कमरे में है. अभी चालू है. बस्सी वाला आया हुआ है उस पर."

दोघं चपळाईनं आत गेले. शेषराव दाराकडे पाठ करून कॉम्प्युटरपुढे बसले होते. शिपाई ओरडला, "हाथ ऊपर!"

शेषरावांनी एक हात वर केला. दुसरा कळफलकावरच. "एक मिनिट, भैया. राजरत्न लिख रहा है."

"कहाँ है राजरत्न?"

"बस्सी में. स्टेशन पे नौकरी है उसकी."

"और कट्टा?"

"ये क्या," शेषराव म्हणाले आणि त्यांनी अभिमानानं पडद्याकडे बोट केलं. चांदण्या लुकलुकत होत्या.

पुढचा अर्धा तास समजावण्यात गेला. गावठी पिस्तुलालाही कट्टाच म्हणतात, हे शेषरावांना माहीत नव्हतं असं नाही. पेपरात रोज वाचत होते. पण घरातल्या मांजराचं नाव वाघ्या ठेवलं म्हणून वनखात्याचे लोक येतील, असं कुणाला वाटतं? चहा झाला, चिवडा झाला. दशरथजी मनापासून हसलेही. पण मग त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"तायडेजी, हँसी की बात अलग. रपट तो मुझे लिखनी है. लिखूँ कि मौके पर कट्टा मिला, तो आप गये. लिखूँ कि नहीं मिला, तो मैं गया. ये सामने सात रंगों में लिखा है. और आपकी दूसरी लाइन भी इसी रपट पर अटकी है."

"मग... मतलब, फिर?"

"नाम बदल दो. मैं सवेरे आऊँगा."

ते गेले, आणि शेषराव कॉम्प्युटरपुढे बसून राहिले. नाव बदललं तर किल्ली मरते, किल्ली मेली तर लाइन एकच. नाव ठेवलं तर फोनच मिळत नाही. त्यांनी अमेरिकेला मेल करायचंही मनात आणलं. पण तो माणूस एव्हाना दुकान बंद करून गेलेला, आणि त्याला लिहायचं तरी काय? पोलीस आले होते, दुसऱ्या नावाची किल्ली पाठवा?

रविवारी सकाळी मी गेलो, तेव्हा ते दुसरं सॉफ्टवेअर बसवत होते. काळं-पांढरं, बिनचांदण्यांचं. सूचनांचे कागद पलंगभर पसरलेले, आणि वसंतराव खुर्चीत बसून चिडलेले.

"अहो, शुद्ध मराठी शब्द आहे! घाबरायचं काय? त्या हवालदाराला शब्दकोश दाखवा!"

"तुमी दाखवा," शेषराव वर न बघता म्हणाले. "मी डबा घेऊन येतो तुम्हाले कोठडीत."

तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आला, फळ्याचं नाव काय? पुढे एक पांढरी रेघ उघडझाप करत थांबली. मी 'चावडी' म्हटलं. वसंतराव म्हणाले, "चावडी म्हणजे पुन्हा पोलीसच आले." सुलोचनाबाईंनी 'ओटा' सुचवलं. वसंतराव म्हणाले, "ओट्यावर स्वयंपाक करतात." त्यांना कुणाचंच पटेना, आणि त्यांचं आम्हाला परवडेना.

इतक्यात दशरथजी आले. आज एकटेच, आणि चपला बाहेर काढून. रेघ अजून तशीच उघडझाप करत होती.

"अभी तक नाम नहीं रखा? अच्छा, ये बताइए, आपके यहाँ कट्टे पर होता क्या है?"

वसंतरावांनी आपल्या हिंदीत खुलासा केला. "वो बैठने का रहता है. शाम को लोग आके बैठता है. बात करता है. काम कुछ नहीं करता. और घर से बुलाया तो भी जल्दी नहीं जाता."

दशरथजींनी मांडीवर थाप मारली. "तो हथाई बोलो ना, साहब! हमारे गाँव में हथाई कहते हैं. बापूजी सारी उमर वहीं बैठे. माँ रोटी लेकर वहीं भेजती थी, घर तो आते नहीं थे." आणि बोलता बोलता ते आपल्या गावच्या हथाईवर जे जाऊन बसले, ते चहा निवेपर्यंत उठले नाहीत.

शेषरावांनी पाच-सहा कळा दाबल्या. HATHAI. कॉम्प्युटरनं काही कुरकुर केली नाही. ती वसंतरावांनी केली.

"मराठी मंडळींच्या फळ्याला मारवाडी नाव?"

"वसंतरावभाऊ," सुलोचनाबाई कपबश्या उचलत म्हणाल्या, "तुमच्या नावानं पोलीस आले. त्याइच्या नावानं फोन तरी येईल."

वसंतरावांनी आपलीही कपबशी त्यांच्या हाती दिली. दशरथजींनी तिथेच बसून रपट लिहिली, आणि आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली. बाकीचं आठवत नाही, पण एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ आहे. 'मौके पर हथाई मिली.'

दुसरी लाइन आली. दुसरा मोडेम पहिल्याशेजारी बसला. रंग गेले, चांदण्या गेल्या, पण पडद्यावर एकाऐवजी दोन ओळी दिसू लागल्या. लाइन एक मोकळी, लाइन दोन मोकळी. त्या संध्याकाळी शेषराव सातच्या आधीच तिथे जाऊन बसले. मीही होतो. पहिली किंकाळी आली ती वसंतरावांची. ते निरोप वाचू लागले, दोनदा. तेवढ्यात दुसरा मोडेम किंचाळला. बस्सीहून राजरत्न. शेषराव खुर्चीत पुढे सरकले. पडद्यावर अक्षरं उमटू लागली.

'जयभीम काका.'

'नमस्कार. आपण कोण?'

'मी राजरत्न. बस्सी.'

'अरे वा. बोला.'

'तुम्ही बोला.'

'नाही, नाही. तुम्ही बोला.'

मग आलं, 'जेवण झालं का काका?'

'अजून नाही. पोळ्या चालल्या आहेत. तुमचं?'

'खिचडी लावली आहे.'

'छान.'

त्यानंतर पडदा गप्प झाला. पण दोन्ही ओळी तशाच. कुणी फोन ठेवला नाही. शेषरावांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली.

"सुलोचना, ये इकडे. पाह्य, दोघं आहेत संगं!"

सुलोचनाबाई हात पुसत आल्या, वाकून पाहू लागल्या. "काय बोलून राहिले?"

"काहीच नाही."

"मंग काय करून राहिले?"

"बसले आहेत," शेषराव म्हणाले.

सुलोचनाबाईंनी एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि गॅस बंद करून स्टूल घेऊन आल्या.