मी चोरून खात नव्हते

भात सुटला तेव्हा वाटलं, आता सोडायचं काही उरलं नाही. मी कोकणातली. भाताशिवाय जेवण झाल्यासारखं मला कधी वाटलंच नाही. नवघरच्या नाक्यावर बसणारी उत्तनची कोळीण हाक मारायची, "ताई, बांगडा ताजा हाय, घेतेस ना?" मी घ्यायचे, कालवण करायचे आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर कसंबसं गिळायचे. बटाटा, पाव, आंबा बंद. सकाळी गुडघे ठणकत असले तरी बागेत फेऱ्या मारायचे. तिथल्या बायका सांगायच्या, "करेले का जूस पियो, आंटी." तोही पिऊन झाला.

तरी शुगर वाढतच होती. दर तपासणीला आकडा आधीपेक्षा वरचा.

माझी मुलगी इथून जवळच, बेव्हर्ली पार्क वसाहतीत राहते. तिचे बाबा गेल्यापासून माझी सगळी काळजी तीच घेते. नवा रिपोर्ट आला तशी ती ऑफिसमधून थेट माझ्याकडे आली.

"आई, खरं सांग. बाहेर काय खातेस?"

"काही नाही गं."

"मग वाढते कशी? हवेनं?"

तिनं खुंटीवरची माझी पर्स काढली आणि पलंगावर उलटी केली. रुमाल, चष्मा, किल्ल्या, आणि लिमलेटच्या दोन गोळ्या.

"हे काय आहे?"

"शुगर एकदम उतरली तर तोंडात टाकायला. डॉक्टरांनीच ठेवायला सांगितल्यात."

ती स्वयंपाकघरात जाऊन एकेक डबा उघडून बघायला लागली. मी तिथेच बसून झाकणांचे आवाज ऐकत राहिले. लहानपणी हिच्या दप्तरात मी कधी हात घातला नव्हता. त्या दिवशी पोटच्या पोरीसमोर मी चोर ठरले.

मग मी जेवणच तोडलं. संध्याकाळी नुसतं ताक. म्हटलं, आता तरी आकडा उतरेल, आता तरी तिला पटेल. शुगरच्या गोळ्या मात्र चालूच होत्या. चौथ्या-पाचव्या दिवशी भाजी आणायला उतरले आणि जिन्यातच हातपाय थरथरायला लागले. दरदरून घाम फुटला. पायरीवर बसले, पर्समधली गोळी तोंडात टाकली आणि चघळता चघळता रडले. आपण आणखी काय करायचं, तेच कळेना. खालच्या मजल्यावरची गुजराती बाई धावत आली. तिनं साखरेचं पाणी पाजलं आणि मुलीला फोन लावला.

मुलगी मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. जेवण तोडल्याबद्दल ते मला रागावले. मग मुलीनं विचारलंच, "पण डॉक्टर, ही पथ्य पाळत असेल तर शुगर वाढते कशी?"

"पाळत असणारच. वजन बघा किती उतरलंय," ते म्हणाले. "इतक्या वर्षांच्या डायबेटिसनं स्वादुपिंड थकतं. पुरेसं इन्सुलिन तयारच होत नाही. नुसत्या पथ्यानं आणि चालण्यानं भागायचं नाही आता. यात यांची काही चूक नाही. इन्सुलिन बाहेरून द्यावं लागेल."

माझ्या मनात इन्सुलिन म्हणजे शेवटचीच पायरी होती. एवढं करूनही तिथेच येऊन पोचले.

रिक्षात मुलगी बाहेर बघत बसली होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, "आई, मला वाटलं तू मला फसवतेस. बाबांनी अखेरपर्यंत फसवलं होतं. तू पण गेलीस तर मी काय करू?"

तिचे बाबा सिगारेट लपूनछपून ओढायचे, हे मला ठाऊक होतं. तिला ठाऊक असल्याचं मला ठाऊक नव्हतं. मी तिचा हात धरला, पण "जाऊ दे" काही माझ्या तोंडून निघालं नाही.

आता पोटात सुई टोचून घेते. आकडा थोडा उतरलाय, हवा तेवढा नाही. पथ्य आणि फेऱ्या सुटलेल्या नाहीत, सुटणारही नाहीत. मुलगी आता काही विचारत नाही. तरी ती घरात असली की मी ताट घेऊन तिच्या समोरच जेवायला बसते, तिला सगळं दिसेल असं.