माणूस सोडून सारं

मानीबाई तोंडाची भलती फटकळ. महागावकडच्या त्या तांड्यात तिच्याशी भांडायला कोणी धजत नसे. नवरा राजकुमार मात्र बोलायलाही आळशी. दुसऱ्यांच्या कपाशीवर फवारणी करायची, संध्याकाळी साबण लावून हात धुवायचे आणि मोबाइल घेऊन बाजेवर पडायचं, एवढाच त्याचा संसार. मोबाइलमध्ये एक गेम होता. त्यात ना गाडी पळवायची, ना कोणाला गोळी घालायची. आधी गवत व्हायचं. शेजारी बैल आला की बटण दाबायचं, मग आपणच बैल. पुढं झाड, डोंगर, चांदणी.

"अन् जितते कोण?" मानीबाईनं एकदा विचारलं.

"कोणीच नाही. मरतही नाही कोणी."

"मंग हा काय गेम झाला? माणूस होता येते का यात?"

"माणूस सोडून सारं होता येते," तो म्हणाला. मानीबाईनं कपाळावर हात मारला.

त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली. फवारा झाडाला कमी आणि तोंडालाच जास्त लागायचा. शेतवाले दोन-तीन औषधं एकाच पिपात कालवायचे, तरी अळी काही मरेना. माणसं मात्र पटापट दवाखान्यात भरती होऊ लागली. एक दिवस राजकुमारही ओकत ओकत बांधावर पडला. जीव वाचला, पण डोळ्यांपुढं पांढरं धुकं बसलं. डॉक्टर म्हणाले, उतरेल हळूहळू, पण यापुढं औषधाचा वासही घ्यायचा नाही. वास घ्यायचा नाही म्हणे! मग खायचं काय, वारा?

राजकुमार जेवेना, बोलेना. भिंतीकडं तोंड करून नुसता पडून राहायचा. माणूस हातचा जातो की काय, असं मानीबाईला वाटू लागलं. शेवटी तिनं मोबाइल उचलला. अक्षर येत नव्हतं, पण बटण कळलं. त्याच्या उशाशी बसून ती सांगायची, "आता मी गवत झाली. आता बैल झाली, लंगडा हाय मेला." तो कान द्यायचा. हळूहळू भाकर मागू लागला.

एका दुपारी ती अळी झाली. हिरवी, पानाच्या मागं बसलेली. पान कुरतडायची आणि मध्येच डोकं उचलायची. मानीबाईला हसूच आलं. "कशी निवांत खाऊन राह्यली, माहेरी आल्यावानी!"

"कोणी फवाराले येऊन राह्यलं का?"

"कोणी नाही."

"मंग खाऊ दे तिले," राजकुमार म्हणाला.

पुढं काही दिवसांनी उकंडा नावाचा शेतवाला दारात आला. माणसं मिळत नाहीत, उद्या फवारणीला येतो का, म्हणून विचारून गेला. घरात तेलमीठही संपलं होतं. तो गेल्यावर राजकुमार उठून बसला.

"मले दिसून राह्यलं आता. खोटं वाटते? धर तो मोबाइल."

तिनं त्याच्या तोंडासमोर मोबाइल धरला.

"अळी हाय," तो म्हणाला. "हिरवी. पान खाऊन राह्यली."

सकाळपासून लाइट नव्हती. चार्जिंग संपून मोबाइल केव्हाच बंद पडला होता. नुसती काळी काच! राजकुमार शाळेतल्या पोरासारखा उत्तराची वाट बघत होता. खरं सांगितलं तर तो पुन्हा भिंतीकडं वळेल, हे तिला दिसत होतं. एवढी फटकळ बाई, पण खरं काही तोंडातून निघेना.

"बरोबर," ती म्हणाली.

"मंग उद्या जातो मी."

दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत तिनं खुंटीवरचा त्याचा लांब बाह्यांचा सदरा अंगात घातला, तोंडाला फडकं बांधलं आणि फवारणीचा पंप उचलला. शेजारच्या हंसाबाईला सांगितलं, "हे उठले का भाकर देजो त्यायले. बाहेर मात्र जाऊ देऊ नको."

बाईमाणूस पाहून उकंडा घुटमळला. मग त्यानं औषध कालवून दिलं. कपाशी तिच्याही डोक्यावर होती. दुसऱ्याच ओळीत तिला अळी दिसली. हिरवी, पानाच्या मागं. खाता खाता अळीनं डोकं उचललं.

"सरक ना वं," मानीबाई पुटपुटली.

अळी सरकली नाही. मानीबाईनं डोळे गच्च मिटले आणि पंपाचा दांडा दाबला. फवारा वर उडाला आणि तिच्याच तोंडावर आला.