शनिवारी बोर्डीला

आमचा घटस्फोट झाला, नवरा वापीला गेला आणि त्याची आई माझ्याकडे राहिली. असं कोणी ठरवलं नव्हतं. वापीच्या कंपनीत नोकरी करता करता त्याने तिथेच दुसरा संसार मांडला होता. सामान न्यायला आला त्या दिवशी त्याने आईला एवढंच सांगितलं, "जरा स्थिर होतो, मग तुला नेतो." टेम्पो गेल्यावर सासूबाईंनी गवती चहा घालून चहा केला आणि एक कप माझ्यासमोर आणून ठेवला. डहाणूजवळच्या मसोलीतलं ते दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर होतं, पण स्वयंपाकघर पहिल्यापासून त्यांचं. कोण कोणाकडे राहतंय, हा प्रश्न आम्ही दोघींनी कधी काढलाच नाही.

मी तलासरीला एका लॅबमध्ये रक्त तपासण्याचं काम करते. दिवसभर अनोळखी माणसांचे हात हातात घ्यायचे, मूठ आवळायला सांगायची, कापूस दाबून धरायला सांगायचं. आणि संध्याकाळी जीपमध्ये बसलं की आठवायचं नाही, आज आपण कोणाशी बोललो का. त्या वर्षी माझा हात कापायला लागला. एका म्हाताऱ्या बाईची शीर मला सापडेचना, दोनदा टोचलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लॅबच्या मॅडम मला ओरडल्या नाहीत. त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं आणि माझ्या मोबाईलवर एक अ‍ॅप घालून दिलं. "समुपदेशक असतात. फोनवर बोलायचं. ओळखीचं कोणी नाही, तेच बरं."

पहिल्यांदा मी घरूनच बोलायला बसले. आतल्या खोलीचं दार लावलं तसा बाहेर टीव्हीचा आवाज कमी झाला. सासूबाई कान देऊन ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या, मला त्रास होऊ नये म्हणून त्यांनी आवाज कमी केला असणार. पण त्या शांततेत माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग मी शनिवार धरला. शनिवारी अर्धा दिवस असतो. दुपारी डहाणू रोडहून बस पकडून बोर्डीला जायचं आणि सुरूच्या झाडांत बसून बोलायचं. डहाणूच्या किनाऱ्यावर कोणी ना कोणी ओळखीचं भेटतंच.

समुपदेशक नागपूरची होती. नेटवर्क धड नसायचं, म्हणून व्हिडिओ बंद ठेवायचो. मला तिचा फक्त आवाज माहीत होता, माझ्यापेक्षा वयाने लहान असलेला. सुरुवातीला मी पेशंट लक्षणं सांगतात तसं तिला सांगायचे: झोप नाही, भूक नाही, हात कापतो. ती ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "तुम्ही अजून त्यांना 'हे' म्हणता."

"मग काय म्हणू?"

"तुम्हाला काय म्हणावंसं वाटतं?"

मी 'तो' म्हणून पाहिलं. जीभ अडखळली. इतकी वर्षं संसार करून एका माणसाला अरेतुरे करायला मला नागपूरच्या मुलीची परवानगी लागली. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी मनात म्हणत राहिले, तो गेला. तो गेला.

मग एकदा तिने विचारलं, "घरी सोबत कोण असतं?"

"सासूबाई."

"त्यांच्याशी बोलता?"

"भाजी काय करायची ते बोलतो."

खरंच तेवढंच बोलायचो. त्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. एकमेकींना जपायचं म्हणून आम्ही गप्प होतो, आणि त्या गप्प राहण्यात दोघीही एकट्या पडत होतो.

पावसाळा संपल्यावरची गोष्ट. शनिवारी मी निघाले होते, केस विंचरत होते. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर उंबरगावचं, त्यामुळे मायेने बोलताना गुजराती यायची. "दीकरा," त्या म्हणाल्या, "कोण आहे तो? चांगला आहे ना?"

मला आधी कळलंच नाही.

"दर शनिवारी बोर्डीला जातेस. मी विचारलं नाही. पण बाहेर वाऱ्यात कशाला बसता? घरी आण. मी जेवायला घालीन."

मला हसू आलं आणि हसता हसता मी खालीच बसले. त्यांना सगळं सांगितलं. कोणी पुरुष नाही, एक बाई आहे, फोनवर मनातलं ऐकून घेते. मग सासूबाई म्हणाल्या, "माझं पण ऐकेल?"

"तुमचं काय?"

"माझा पण मुलगा गेला ना."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पुढच्या शनिवारी दोघींनी मिळून बोलायचं ठरवलं. समुपदेशक हो म्हणाली. सासूबाईंनी कुठली साडी नेसायची तेही काढून ठेवलं. "अहो, तिला दिसणार नाही," मी म्हटलं. "मला तर दिसेल," त्या म्हणाल्या.

गुरुवारी तो आला. दारातच उभा राहिला, आत आला नाही. त्याच्या नव्या घरी बाळ होणार होतं, घरात मोठं माणूस हवं होतं. "आई, गाडी आणलीये," म्हणाला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काही म्हणेन म्हणून बघितलं, असं मला आजही वाटतं. पण मी कोणत्या नात्याने थांबवणार होते? कोर्टाच्या कागदावर तर आम्ही एकमेकींच्या कोणीच नव्हतो. मी त्यांच्या गोळ्या पिशवीत भरल्या, सकाळची कुठली, रात्रीची कुठली ते त्याला समजावून सांगितलं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि त्या गेल्या.

त्या शनिवारी मी एकटीच बोर्डीला गेले. समुपदेशकाने विचारलं, "आई आल्यात का?" आणि मला रडू कोसळलं. नवऱ्यासाठी मी कधी अशी रडले नव्हते. वाळूत कुत्री पळत होती, लांबवर कोणीतरी नारळपाणी विकत होतं, आणि मी गुडघ्यात डोकं घालून हुंदके देत होते. तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं, लाईन गेली.

"आहात का?" मी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "रडा तुम्ही."

उन्हाळ्यापर्यंत बोलणं चालू राहिलं, मग हळूहळू थांबलं. हात आता कापत नाही. लॅबमध्ये पेशंटला गाव विचारते, शेतात काय लावलंय विचारते. झोपही येते. पण घरी कुलूप उघडताना आत कोणी नाही हे रोज नव्याने कळतं. टीव्ही मी आता मोठ्याने लावते.

मध्ये एकदा धीर करून वापीला फोन लावला. एका बाईने उचलला. मागे बाळ रडत होतं. "कोण बोलतंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आई आहेत का?"

तिने पुढे काही विचारलं नाही, फोन नेऊन दिला.

"जेवलीस?" सासूबाई म्हणाल्या.

"हो. वांगं केलं होतं."

"एकटीसाठी अख्खं वांगं?"

"उरलं. उद्या खाईन."

त्यांना बाळाकडे जायचं होतं. "ठेवते, दीकरा," म्हणाल्या. मी फोन खाली ठेवला आणि उरलेली भाजी झाकून ठेवायला उठले.