जिंदगीभर छुट्टीचं कार्ड

इंजिनचा आवाज ऐकून रोग सांगणारा माझ्यासारखा कान अख्ख्या इंदूरमध्ये दुसरा नाही. गेल्याच हप्त्यात एका गाडीची टकटक मी अर्धा तास डोळे मिटून ऐकली. आधी व्हॉल्व्ह म्हणालो, मग बेअरिंग म्हणालो. शेवटी कळलं, माझ्याच खिशातला पाना बंपरवर वाजत होता. गिऱ्हाईक सभ्य होतं, हसलं नाही. म्हणून जास्त लागलं.

मल्हारगंजच्या गल्लीत चाळीस वर्षं गॅरेज चालवलं की असले किस्से डब्यातल्या जुन्या नटबोल्टांसारखे साठतात. कुठला कशाचा ते आठवत नाही, आणि फेकवतही नाही. डबा उपडा करतो, हाताला लागेल ते घ्या. माझी शाळा सातवीपर्यंत, तेव्हा व्याकरण मागू नका.

* * *

तेल बदललं की स्टिअरिंगजवळ एक कार्ड लटकवतात, पुढचं तेल किती किलोमीटरवर बदलायचं ते लिहून. सगळे मिस्त्री लिहितात आणि कोणीच वाचत नाही. मी म्हटलं, आकडा वाचत नाहीत तर मजकूर तरी वाचतील. एका नव्या नवरदेवाच्या कार्डावर लिहिलं, 'पुढचं तेल : सासूबाई येतील तेव्हा.'

तीन महिन्यांनी तो आला, तोंड पाडून. शेजारच्या सीटवर एक जाड चष्म्याच्या बाई. खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, "मी आलेय. बदला."

त्या दिवसापासून मला चस्का लागला.

* * *

या सगळ्याचे साक्षीदार म्हणजे माझ्या बाकावरचे हवालदार वानखेडे. महूला आजा फौजेत, बाप फौजेत, हे स्वतः पण फौजेतूनच रिटायर. रोज दहाला चालत यायचे, पेपर त्यांचा, चहा माझा.

त्यांची छोटी पांढरी गाडी गल्लीत सगळ्यात चकचकीत. बाकी दिवस ती झाकलेली. तिला काम एकच, दर रविवारी वहिनींना हातोद गावी न्यायचं. तिथे वहिनींची आई. नव्वदी उलटलेली, डोळ्यांनी दिसत नाही. रविवारी सकाळपासून ओट्यावर बसून हॉर्नची वाट बघते. वहिनींचे गुडघे गेलेले, बसची पायरी चढवत नाही. "गाडी आहे तोवर मला माहेर आहे," असं त्या म्हणायच्या.

हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

* * *

सियागंजचे एक सेठजी आहेत, नमकीनवाले. त्यांनी मोठ्या गाडीचं तेल कधीच काढू दिलं नाही. कमी झालं की वरून ओतायचं, बस. मी म्हणालो, सेठजी, जुनं खाली काढावं लागतं, नाहीतर आत चिखल होतो. ते भडकले. "भिया, तेल का धंधा मैं करता हूं कि तुम? हमारे यहां कढ़ाई कभी खाली नहीं होती, ऊपर से डालते रहते हैं."

मी म्हणालो, म्हणूनच तुमच्याकडची शेव मी खात नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. आणि बरोबर दोन किलो शेव आली, चिठ्ठीसकट, 'ताज़े तेल की.' आता ती शेव ताज्या तेलाची होती की चिठ्ठीच फक्त ताजी होती, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही. खाल्ली मात्र सगळी.

* * *

पुण्याहून इथे कॉलेजात शिकवायला आलेल्या एक मॅडम. गाडी खडखडत आली. मी विचारलं, तेलाचा लाल दिवा लागत नव्हता? त्या म्हणाल्या, तेलाचा नाही, चहाच्या किटलीचा लागायचा. त्यांच्या भावाच्या नव्या गाडीत ड्रायव्हर थकला की कपाचं चित्र येतं म्हणे. तेलाच्या दिव्यावर चित्र असतं तेलाच्या झारीचं, पण यांना वाटलं, आपली गाडी जुनी, म्हणून किटली दाखवते. लागला दिवा की मॅडम ठेल्यावर थांबायच्या, चहा प्यायच्या आणि निघायच्या.

"आणि चहा प्यायल्यावर किटली जायची हो, दरवेळी."

जाणारच. गाडी उभी राहिली की वर अडकलेलं थोडं तेल खाली उतरतं, दिवा थोडा वेळ विझतो. मी समजावत बसलो. त्यांनी असे काही प्रश्न विचारले की शेवटी मलाच वाटायला लागलं, चहाचा काहीतरी संबंध असेल.

* * *

आता वानखेडेंचं. त्यांचं तेल बदललं, कार्ड काढलं, आणि माझ्या हाताला खाज सुटली. लिहिलं, 'आता जिंदगीभर छुट्टी.'

वानखेडेंनी चष्मा लावून दोनदा वाचलं. गाडीतून वहिनींनी विचारलं, भाऊजी, खरं का? मी तोंड एकदम सरळ ठेवलं आणि म्हणालो, "वहिनी, खरं लिहिलंय. नवीन जातीचं तेल आहे."

वाटलं, कोपऱ्यापर्यंत जातील आणि हसत परत येतील. आले नाहीत. मग चार वर्षं तेलाला म्हणून आलेच नाहीत. मी समजलो, माणूस रुसला, दुसऱ्या मिस्त्रीकडे जातो. मग मी पण रुसलो. बाकावर रोज शेजारी बसायचे, पण मी विचारलं नाही. एकदा नुसता टोमणा मारला, हवालदारसाहेब, तेलाचं कसं काय चाललंय आजकाल?

"हुकमाप्रमाणे," ते म्हणाले.

मला वाटलं, हा उलटा टोमणा. दोन दिवस त्यांना अर्धा कप चहा दिला.

* * *

मग एका रविवारी हातोदच्या रस्त्यावर इंजिन जाम. गाडी दोरीला बांधून आणली. वरचं झाकण उघडलं तर आत तेल नाही, काळा हलवा. खाली तेल ओढायची जाळी पार बुजलेली. मी घरचा चमचा आणून खरवडत होतो आणि दुसऱ्या मिस्त्रीला शिव्या घालत होतो. कोण गाढव तो, नाव सांगा.

वानखेडेंनी खिशातून कार्ड काढलं. प्लास्टिकच्या कव्हरात जपलेलं. म्हणाले, "रोज डिपस्टिक घालून तेल बघत होतो, बंडू. लेव्हल बरोबर होती. आणि लेखी हुकूम होता."

ते चिडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी सेठजींची मोठी गाडी उसनी घेऊन मीच वहिनींना हातोदला नेलं. हॉर्न वाजवला. म्हातारी ओट्यावरून उठलीच नाही. ही आमची गाडी नाही म्हणाली, आणि दुपारपर्यंत वहिनींशी बोलली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मी वानखेडेंचा हॉर्न काढून सेठजींच्या गाडीला लावला. म्हातारी उठली. सेठजी मात्र सोमवारी विचारत आले, की भिया, मेरी गाड़ी बच्चे जैसी क्यों बोल रही है?

* * *

चौथ्या रविवारच्या आत इंजिन बांधलं. हॉर्न परत जागेवर लावला. नवं तेल भरलं, गाडी चालू केली आणि खिशातला पाना आधी बाहेर काढून मग आवाज ऐकला. साफ होता.

मग कार्ड लिहिलं, घोटून घोटून, 'पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, आधी होईल ते.' खाली सही केली. कार्डावर, जन्मात पहिल्यांदा.

वानखेडेंनी वाचलं. कार्ड उलटं करून मागे काही आहे का ते बघितलं. मग वहिनींच्या हातात दिलं. वहिनींनी कार्ड वाचलंच नाही, माझ्याकडे बघत राहिल्या.

मी म्हणालो, "वहिनी, शपथ. या वेळी खरं लिहिलंय."

"मागच्या वेळी पण तुमचं तोंड असंच होतं, भाऊजी."